दाखल क्रमांक १ ते ४,३८७: वाचनालयाच्या सूचीचं संकेतस्थळ, नोंद चौथी

मंडळी, मागच्या नोंदीत सांगितलं होतं की आमच्या 'क' वर्गाच्या वाचनालयाची दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवतात ती) कधीतरी कुणीतरी संगणकावर चढवली होती आणि ती फाईल मला मिळाली आहे. तेव्हा वाटलं होतं की आठवड्याभरात सूची ऑनलाइन दिसेल. त्याला आता दोन महिने झाले. संकेतस्थळ मात्र आता उभं आहे, आणि काल पहिल्यांदा ग्रंथपाल काकांनी आपल्या फोनवर एक पुस्तक शोधलं आणि ते सापडलं.

दोन महिने कशात गेले ते सविस्तर लिहिते, कारण गावोगावच्या वाचनालयांत अशा फाईली पडून असणार.

फाईल छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधली आहे. म्हणजे आत मराठी अक्षरं नाहीतच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवलेला आहे. फॉन्ट काढला की सगळी अगम्य चिन्हं. असा मजकूर युनिकोडात, म्हणजे अक्षरांच्या आजच्या प्रमाण संकेतांत, बदलणारा एक परिवर्तक ऑनलाइन मिळाला, तो वापरून पाहिला. पहिल्या पानावर छान दिसलं, म्हणून सगळी फाईल त्यातून काढली आणि पुढचे चार दिवस चुका शोधत बसले. 'कर्त्या'चं 'कत्र्या' झालेलं, 'स्थिती'मधली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली.

कारण समजलं तेव्हा फार आनंद झाला. जुन्या फॉन्टात आपण डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टंकतो: आधी वेलांटी, मग अक्षर; आणि रफार सगळ्यात शेवटी, कारण तो डोक्यावर बसतो. युनिकोडात उच्चाराचा क्रम असतो. पहिली वेलांटी अक्षरानंतर येते आणि रफाराचा 'र्' अक्षराच्या आधी. म्हणून परिवर्तन करताना वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून पुढे न्यावी लागते आणि रफार मात्रा, काना व पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे. तो परिवर्तक एकाच व्यंजनावर थांबत होता. 'कर्त्या'मध्ये रफाराने 'य' ओलांडला, अर्धा 'त' तसाच राहिला.

त्यात आणखी एक गाठ. या फॉन्टात ग, ण, श ही अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी साठवलेली आहेत. म्हणजे आधी काने जोडून अक्षरं पूर्ण करायची, मग वेलांट्या हलवायच्या, मग रफार. हा क्रम चुकला की 'गणित' हाती लागत नाही. शेवटी पायथन या संगणकभाषेत स्वतःच परिवर्तक लिहिला, दोनशे ओळींच्या आसपास. त्यातला नियमांचा भाग लहान आहे; बाकी सगळा चिन्हांचा तक्ता आहे, आणि तो मी छापील पानाशेजारी बसून एकेक करून भरला.

मग आला शोध, आणि माझ्या मते अशा संकेतस्थळाचा जीव तिथेच आहे. वाचक 'दुसऱ्या' टंकतो. सूचीत 'दुसऱ्या' आहे. तरी निकाल शून्य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलंय (युनिकोडात ०९३१) आणि दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडण्याचं चिन्ह आणि न दिसणारा जोडक. 'ॲ'चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडात २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देत किंवा 'ऍ' वापरत, आणि आजही तिन्ही रूपं सर्रास चालू आहेत.

त्याहून जुनी गोष्ट शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांनी जुने अनुस्वार गेले आणि 'कवि'चा 'कवी' झाला. आमच्याकडे त्याआधीची पुस्तकं भरपूर आहेत. नावात 'कांहीं', 'नाहीं', 'कवि' जसं छापलंय तसंच सूचीत राहायला हवं, त्याला हात लावायचा नाही यावर मी ठाम आहे. म्हणून प्रत्येक नोंदीमागे एक लपलेली शोधकळ, म्हणजे फक्त शोधासाठी त्या नावाचं सरळ केलेलं रूप, ठेवली: ऱ्हस्व-दीर्घ एक, अनुस्वार वगळलेले, 'ऱ' आणि 'ॲ' एकाच रूपात, अदृश्य जोडक काढलेला. वाचकाने टंकलेल्या शब्दावरही हेच संस्कार. यामुळे 'संत' शोधलं की 'सतार'ही येते, पण जसंच्या तसं जुळणारं वर आणि बाकीचं खाली, असा क्रम लावला की त्रास होत नाही. जास्त सापडलेलं चालेल. पुस्तक कपाटात असून सापडलं नाही, हे मला चालणार नाही.

अकारविल्हे क्रमाने मात्र सुखद धक्का दिला. पानं ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर चालतात तिची साधी क्रमवारी युनिकोडच्या अंकांवर चालते, त्यामुळे 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो आणि 'कळी' ही 'कविता'च्या आधी. 'क्ष' तर 'क'च्या तळाशी. तिच्यातल्या इंटल कोलेटर या भाषेनुसार क्रम लावणाऱ्या सोयीला मराठीचा संकेत दिला आणि 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ असे ओळीने लागले. काकांच्या लाकडी कार्डपेटीतले खणही याच क्रमाने आहेत. एका ओळीचं काम. ज्यांनी ही माहिती त्या प्रणालीत भरून ठेवली त्यांचे मनापासून आभार.

दिसण्याबद्दल थोडक्यात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला, कारण त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' मुळातच आहेत. फॉन्ट हलका करण्यासाठी त्यातली नको असलेली अक्षरं काढणार असाल तर अदृश्य जोडक आणि विभाजक (अक्षरं जोडू न देणारं तसंच न दिसणारं चिन्ह) ठेवाच. ओळींमधलं अंतर १.७, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवणारा गुणधर्म देवनागरीला कधीही लावू नका, शिरोरेषा तुटते.

बाकी सगळं साधंच आहे. काका पुस्तकांच्या तक्त्यात नवीन पुस्तक भरतात, इलेव्हन्टी ही संकेतस्थळाची तयार पानं बनवणारी प्रणाली त्याची पानं बनवते, सर्व्हरवर डेटाबेस नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, त्यामुळे शोधाची फाईल कच्ची साडेसातशे केबी झाली होती; जीझिपने दाबून लहान केल्यावर दीडशेच्या आत आली. दुव्यांत मात्र पुस्तकाचं नाव न घालता दाखल क्रमांकच ठेवला. 'पुस्तक' हा एक शब्द दुव्यात सांकेतिक रूपात गेला की चोपन्न चिन्हांचा होतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला असा दुवा आमच्या वाचकांना संशयास्पद वाटतो. दाखल क्रमांक पुस्तकाच्या शिक्क्यावरही असतो, त्यामुळे पुस्तक हातात असलेल्याला त्याचं पान थेट उघडता येतं.

उरल्या आहेत एकसष्ट नोंदी, जिथे मूळ टंकणाऱ्याचीच चूक आहे की परिवर्तकाची, हे पडद्यावर कळत नाही. रविवारी यादी छापून घेऊन जाणार आहे. काका कपाटं उघडतील, मी शीर्षकपानं बघेन.