मोरीचा वास

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांचा एक तास मी क्रिप्टोझूलॉजीवर घेते, म्हणजे यती, लॉक नेसचा राक्षस, समुद्रसर्प असले प्राणी, पाहिल्याचं शंभर जण सांगतात पण हाड दाखव म्हटलं की कोणाकडे काही नसतं. सिलॅबसमध्ये नाहीये हे, पण पोरं त्या एकाच तासाला झोपत नाहीत. त्यामुळे माझं नाव 'राक्षसवाल्या मॅडम' पडलंय, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला तो याच नावाने आला. "मॅडम, देवगडच्या खालच्या बाजूला डायनासोर लागलाय किनाऱ्याला, व्हिडिओ पाठवलाय बघा."

व्हिडिओ हलत होता, वर पाऊस, काही कळेना. मी फोनवरच सांगून मोकळी झाले की सडलेला देवमासा असणार, फॉरेस्टवाल्यांना कळवा. आणि रेनकोट घालून स्कूटी काढली.

पोचले तर दीडदोनशे माणूस. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत असते त्यामुळे सगळी वाडी रिकामीच होती म्हणा. कोणीतरी हळदकुंकू वाहून नारळ ठेवला होता, एक म्हातारे आजोबा हा गिऱ्हा आहे असं पोरांना समजावत होते (गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, त्याचा असला सांगाडा कसा होईल हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही). आणि ते जे काय पडलं होतं ते बघून, खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. लांबलचक मान, टोकाला टोपलीएवढं डोकं, पुढे दोन वल्ह्यांसारखे पाय, मागे निमुळती शेपूट, आणि अंगभर नारळाच्या काथ्यासारखे पांढरट केस लोंबत होते. टेप लावली तर सहा मीटरच्या वर. देवमाशाला कुठे असते अशी मान! मी गप्प उभी, लोक माझ्या तोंडाकडे बघतायत, एक पत्रकार मोबाइल धरून "मॅडम, बाइट द्या" करतोय.

तेवढ्यात मागून एक मावशी पुढे आली, पासष्टीची असेल, मासे विकणारी. पदर नाकाला लावला, परत काढला, आणि म्हणाली, "राक्षस-बिक्षस काय नाय गो बाय, मोरी ती. शिळ्या मोरीक असोच वास मारता. तुका वासान समजाक नाय?"

मोरी म्हणजे शार्क, रत्नागिरीच्या वर गेलात की मुशी. बाळंतिणीला आवर्जून खायला घालतात ती. आणि वास तर इतका वेळ माझ्या नाकात होताच की, कॉलेजच्या मुतारीसारखा, डोळ्यांना झोंबणारा. मी तो सडल्याचा वास म्हणून सोडून दिला होता. शार्क आपल्या अंगात युरिया साठवून ठेवते, खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून, आणि मेली की बॅक्टेरिया त्याचा अमोनिया करतात. हे मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर लिहितेय. फळ्यावर!

मग एकेक गोष्ट जुळत गेली. शार्कला हाड नसतं, सगळी कूर्चा. सडताना जबडा आणि कल्ल्यांच्या कमानी आधी गळून पडतात, मागे उरतो छोटा कवटीचा डबा आणि कणा, की झाली मान तयार. शेपटीत कणा फक्त वरच्या पात्यात जातो म्हणून खालचं पातं गळतं आणि सापासारखी शेपूट उरते. 'केस' म्हणजे उसवलेल्या स्नायूंचे तंतू आणि परांमधले शिंगासारखे चिवट धागे. एका रापणकराकडून (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार) सुरी घेतली आणि कण्यात घातली, आरामात आत गेली. मणका निघाला तो दोन्ही बाजूंनी खोलगट, अगदी डमरू, आणि खळग्यात वर्तुळावर वर्तुळं. चार जणांनी धड उलटवलं तेव्हा वाळूत दबलेल्या बाजूला ताटाएवढी कातडी शाबूत होती, करड्यावर पांढरे ठिपके. व्हेल शार्क!

१९७७ साली न्यूझीलंडजवळ झुइयो मारू नावाच्या जपानी बोटीच्या जाळ्यात असंच एक धूड आलं होतं, जपानभर प्लेसिओसॉर, म्हणजे डायनासोरच्या काळातला लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी, सापडला म्हणून धुमाकूळ. पकडलेली मासळी खराब होईल म्हणून त्यांनी ते परत समुद्रात टाकलं, पण एकाने फोटो आणि परातले थोडे धागे ठेवले म्हणून कळलं की ती बास्किंग शार्क असणार. मी हाच फोटो दरवर्षी पोरांना दाखवते. आणि प्रत्यक्षात समोर आल्यावर बाईंची दातखीळ.

फॉरेस्टवाले आले, पंचनामा झाला, जेसीबीने वरच्या अंगाला खड्डा काढून पुरलं. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, त्यामुळे मणका लॅबला न्यायचा मोह गिळला.

जेसीबी चालू असताना मी मावशींबरोबर होडीच्या आडोशाला बसले आणि त्यांना सीलकँथची गोष्ट सांगितली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असं सगळे मानत होते तो मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रॉलरवर मिळाला, मग दुसरा मिळावा म्हणून स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने शंभर पौंडांचं बक्षीस लावलं, पत्रकं वाटली, चौदा वर्षं गेली. शेवटी १९५२ मध्ये कोमोरो बेटांवर सापडला तर तिथले मच्छीमार म्हणाले, हा होय, हा गोम्बेसा, येतो की अधूनमधून गळाला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे त्येंका आदीच कोणी इचारूक नाय?"

क्रिप्टोझूलॉजीला सायन्स म्हणत नाहीत ते बरोबरच आहे, त्यातले अर्धे लोक आधी राक्षस ठरवतात आणि मग पुरावा शोधतात. पण ज्यांच्यामुळे हा विषय नावारूपाला आला ते ह्यूवेलमान्स तरी सांगत होते की तिथल्या माणसांचं ऐका. मी त्या दिवशी राक्षस ठरवला नव्हता, देवमासा ठरवला होता. एवढाच काय तो फरक.

पत्रकाराला मी दोनदा सांगितलं की ओळखलं ते या मावशींनी, नाव लिहून घ्या. त्याने घेतलंही. दुसऱ्या दिवशी पेपरात 'प्राध्यापिकेने उलगडले राक्षसाचे रहस्य', फोटो माझा, रेनकोटमधला.

नारळी पौर्णिमेनंतर बाजारात गेले तर मावशी समोर बांगडे घेऊन बसलेल्या. मी हसले. त्या नाही हसल्या. "तुझोच फोटो इलो. माझा नाव खंय आसा?" मी सगळं सांगायला लागले, त्यांनी हाताने गप्प केलं आणि वाटा पिशवीत टाकला. घरी येऊन मोजले तर इतरांना दहा, मला आठ.