आमची वाटचाल : पुस्तकंही नासतात

सांगलीत आमचं पुस्तकांचं दुकान आहे. ते काढणारे माझे वडील, आमचे अण्णा, म्हणायचे, "भाजीवाल्याला संध्याकाळी कळतं, आपल्याला पुढच्या जूनला कळतं." काय कळतं, तर माल अंगावर राहिला. मेथी सुकली तर गोठ्यात तरी टाकता येते. अभ्यासक्रम बदललेलं पुस्तक रद्दीवाला नेतो, तेही किलोवर, आणि वर "पुठ्ठे काढून ठेवा" म्हणून सांगतो.

अण्णा मूळचे पुस्तकातले नव्हेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. १९८६ साली भिशी लागली, त्या पैशात गणपती पेठेच्या मागच्या बोळात आठ बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. नातेवाइकांना वाटलं, किराणा काढतील. अण्णांनी शाळेची जुनी पुस्तकं काढली. निकाल लागले की पोरं वापरलेले संच घेऊन यायची. छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याने घ्यायचे, निम्म्याने विकायचे. मधल्या दीड महिन्यात आमचं घर म्हणजे बाइंडिंगचा कारखाना. आई मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची आणि ते भांडं आमच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायची. पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायचं काम माझ्याकडे. उत्तर चुकीचं असेल तरच खोडायचं, बरोबर असेल तर राहू द्यायचं, असा अण्णांचा दंडक होता. त्यामुळे आमच्याकडचे गणिताचे संच आधी खपायचे.

कॉलेजची पुस्तकं आम्ही ठरवून आणली नाहीत, मागणाऱ्यांनी आणायला लावली. विलिंग्डनचा पोरगा रसायनशास्त्र मागून जायचा, वालचंदचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, चिंतामणराव कॉमर्सचा कॉस्टिंग. मिरजेच्या मेडिकलची पोरं लोकलने नाहीतर सिटी बसने यायची आणि शेदोनशे रुपये वाचवायला तासभर घासाघीस करायची. अण्णा प्रत्येकाचं म्हणणं एका लांबट वहीत लिहून घ्यायचे. एकाच पुस्तकासमोर तीन नावं झाली की गुरुवारी रात्रीची एसटी धरून पुणं गाठायचं, अप्पा बळवंत चौकात दिवसभर हिंडायचं आणि शुक्रवारी रात्री गठ्ठे टपावर टाकून परत यायचं. एका नावावर आणायचं नाही. तिन्ही गिऱ्हाइकं आलीच नाहीत असं किती वेळा झालं, ते त्या वहीत लिहिलेलं नाही.

कथा-कादंबऱ्यांचा रॅक मात्र अण्णांनी स्वतःच्या हौसेने लावला. गाव नाटकवाल्यांचं. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथे पहिलं मराठी नाटक उभं केलं, आणि ते कालच झाल्यासारखं बोलणारी माणसं अजून पेठेत आहेत. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, तेव्हा १९७४ सालच्या त्यांच्या ज्ञानपीठाचा थोडा वाटा सांगलीकर आपल्याकडे ठेवतात. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की हौशी मंडळी दुकानात शिरायची. नाव कुणीच सांगायचं नाही. "अण्णा, दोन बायका, तीन बाप्ये, एकच सेट, आणि शेवटी लोकांनी रडलं पाहिजे," अशी ऑर्डर. अण्णा स्टुलावर चढून नेमकं पुस्तक काढायचे. नाटकांची पुस्तकं त्यांनी लेखकाप्रमाणे लावलीच नव्हती, पात्रांच्या संख्येप्रमाणे लावली होती. तीच रचना मी आजही ठेवली आहे. नवीन येणाऱ्या मुलींना ती समजावून सांगताना पहिला आठवडा जातो.

खरं सांगायचं तर त्या रॅकने कधी गाळ्याचं भाडं भरलेलं नाही. भाडं भरलं मेडिकलच्या जाड ग्रंथांनी, वकिलीच्या पुस्तकांनी आणि जूनच्या शाळेच्या संचांनी. पण तिथला माल नासत नाही. १९९४ साली साठ रुपये छापलेला कथासंग्रह २०१२ साली निघाला तेव्हा अण्णांनी साठच घेतले. गिऱ्हाईक म्हणालं, "नवीन आवृत्ती अडीचशेला आहे ओ." अण्णा म्हणाले, "मग ती घ्या." त्याने साठवाली घेतली आणि पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आला.

मी बी.कॉम. करून २००४ साली दुकानात आले. वर्षभरातच कृष्णेचं पाणी आलं. २००५ च्या त्या पुरात आमचं नुकसान झालं, पण सोसण्यासारखं. पाणी ओसरल्यावर अण्णांनी भिंतीवर जिथपर्यंत ओल होती तिथे लाल ऑइलपेंटने रेघ मारली. महाग माल रेघेच्या वर, स्वस्त माल खाली. पुढची चौदा वर्षं ती रेघ आमचा विमा होती. खरा विमा उतरवला नव्हता, हे आता लिहायला लाज वाटते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट झालं की इशारा, ४५ झालं की धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही आदल्या रात्री सगळा मेडिकलचा आणि वकिलीचा माल रेघेच्या वर, अगदी माळ्यापर्यंत रचून, शटर ओढून घरी गेलो होतो. मनात म्हटलं, दोन दिवसांत येऊ. आठवडाभराने आलो तेव्हा शटर वरच जाईना. आत पुस्तकं फुगून एकमेकांत अशी अडकली होती की लाकडी रॅक मधोमध फुटून शटरवर कलंडला होता. कटरने शटर कापलं. आधी वास आला, मग चिखल आला आणि मग पुस्तकं बाहेर सांडली.

त्या दिवसांत मी कागदाबद्दल जे शिकले ते पंधरा वर्षांच्या विक्रीत शिकले नव्हते. मेडिकलच्या पुस्तकांना गुळगुळीत आर्ट पेपर असतो, रंगीत चित्रं नीट उठावीत म्हणून. त्यावरचा लेप भिजला की डिंकासारखा होतो, आणि वाळताना सगळी पानं एकमेकांना धरतात. चार-चार हजारांचे ॲनॅटमीचे खंड आम्ही पंख्याखाली ठेवले, तर त्यांच्या विटा झाल्या. सुरीनेसुद्धा पान सुटेना. आणि ज्या कादंबऱ्या रेघेच्या खाली होत्या, ज्यांची आम्ही आशाच सोडली होती, त्या साध्या खरबरीत कागदाच्या. पान-पान सोडवून, मध्ये वर्तमानपत्र घालून, नातेवाइकांच्या गच्चीवर दोरीला टांगल्या तर पुष्कळशा वाळल्या. वेड्यावाकड्या झाल्या, कडेला तपकिरी रेघ राहिली, पण वाचता येतात. आमच्या दुकानातले मामा, अण्णांच्या वेळेपासूनचे, चिखलात उभे राहून म्हणाले, "म्हागाचं बुडालं आन् सवंगाचं तरलं बघा ताई." आम्ही दोघं हसलो. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

विटा झालेली पुस्तकं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने गेली. दोन ट्रॉल्या. पालिकेच्या माणसाने विचारलं, "यात काय आहे?" कचरा म्हणायला जीभ वळेना. अण्णा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. न्या."

एका पुरवठादाराने उधारीला सहा महिन्यांची मुदत दिली. दुसऱ्याने पुराच्या पंधराव्या दिवशी वसुलीचा फोन केला. नावं लिहीत नाही. पहिल्याकडूनच आजही सगळ्यात जास्त माल येतो, एवढं पुरे.

दिवाळीनंतर आम्ही विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर जागा घेतली, या वेळी विम्यासकट. पहिला मजला पुस्तकाच्या दुकानाला वाईट. रस्त्यावरचं गिऱ्हाईक जिना चढत नाही, आणि गठ्ठे वर चढवताना हमाल दुप्पट मागतो. पण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पेठेत शिरलं तेव्हा त्या जिन्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. अण्णांना मात्र नवी जागा कधी आवडली नाही. "इथं बोळाचा आवाज नाही," म्हणायचे. मधल्या लॉकडाउनमध्ये मी ॲक्टिव्हावर शाळेचे संच घरोघर पोचवले. मुलांच्या संचाच्या पिशवीत स्वतःसाठी एक कादंबरी मागवणाऱ्या बायका त्या वर्षी मला पहिल्यांदा भेटल्या. त्यांतल्या काही आजही व्हॉट्सॲपवर "काय नवीन?" एवढाच निरोप टाकतात आणि मी सुचवेन ते घेतात. ही जबाबदारी मेडिकलच्या पुस्तकापेक्षा मोठी वाटते. तिथे यादी कॉलेज देतं.

करांचं एक गमतीने सांगते. जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकावर शून्य आणि वहीवर १२ टक्के. म्हणजे लिहिलेलं करमुक्त आणि कोरं करपात्र. शाळेच्या एकाच पिशवीत दोन्ही, मग बिलात त्यांच्या वेगळ्या ओळी, आणि पालकांची हुज्जत वेगळी. सप्टेंबर २०२५ पासून वहीही शून्यावर आली तेव्हा आमच्या बिलिंगच्या मुलीने पेढे वाटले.

नासण्याचा खरा धडा पुराने दिला असं मी समजत होते. मग स्पर्धा परीक्षा आल्या. २०२२ मध्ये एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहून देण्याची होणार, २०२३ पासून होणार, असं जाहीर केलं. मी हुशारी केली. जिल्ह्यात कुणाकडे नसेल इतका वर्णनात्मकचा माल एकदम उचलला, जास्त कमिशन मिळतं म्हणून "परत न घेण्याच्या" बोलीवर. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५ वर गेली. पोरांच्या बाजूने बरोबरच झालं. माझ्याकडे मात्र दोन वर्षं ते गठ्ठे भिंतीला टेकून होते, आणि जेव्हा वेळ आली तेव्हा बाजारात सुधारित आवृत्त्या होत्या. अण्णा तेव्हा आजारी होते. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दुकानात आल्या आल्या विचारलं, "त्या कोपऱ्यात काय झाकून ठेवलंय?"

त्यामुळे १ जुलै २०२४ ला मी जपून होते. त्या दिवसापासून १८६० सालचा भारतीय दंड संहितेचा कायदा गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. त्याच्याबरोबर फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, पुरावा कायदा गेला. आमच्या दुकानात वकिलीचा माल निम्म्याच्या वर याच तीन कायद्यांचा. जुन्या संहितेची ५११ कलमं, नवीत ३५८. ज्याला अख्खा देश तीनशे दोन म्हणतो ते कलम १०३ झालं, चारशेवीस गेलं ३१८ मध्ये. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त खपलं ते एक पातळ पुस्तक, जुनं कलम डावीकडे आणि नवं उजवीकडे. वकील, पोलीस, कारकून, पत्रकार, सगळे तेच मागायचे. एक हवालदार म्हणाले, "तोंडात तीनशे दोनच बसलंय ओ, लिहिताना तेवढं एकशे तीन लिहितो."

सगळ्यांनी मला सल्ला दिला, जुनं मिळेल त्या भावाला काढून टाक. मी निम्मं काढलं, निम्मं ठेवलं. कारण साधं होतं. १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते, आणि तेव्हा चालू असलेले खटले जुन्याच प्रक्रियेने पुढे जायचे. सांगलीच्या कोर्टात किती जुने खटले आहेत ते मोजायला कोर्टात जावं लागत नाही. आमच्या जिन्यावर फायली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघितलं तरी कळतं.

आता १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवा कायदा. सीए करणाऱ्या पोरांना दोन्ही लागणार, कारण आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याखालीच चालायची. पुन्हा तेच गणित, किती ठेवायचं, किती काढायचं. या वेळी लांबट वही बाहेर काढली आहे. तीन नावं झाली की ऑर्डर.

गेल्या महिन्यात तासगावचे एक वकीलसाहेब जिना चढून आले. साठीच्या पुढचे, धाप लागलेली. फौजदारी प्रक्रिया संहितेवरचं एक जुनं भाष्य हवं होतं, तेही ठरावीक आवृत्तीचं, कारण त्यांच्या २०१६ च्या खटल्यात समोरच्या वकिलाने त्यातलाच उतारा दिला होता. पुण्यातही मिळालं नाही म्हणाले. मी संगणकात पाहिलं, नव्हतं. मामा काही न बोलता मागच्या खोलीत गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. साध्या कागदाचं म्हणून २०१९ ला बचावलेलं, फुगलेलं, तिन्ही कडांना तपकिरी रेघ. मी विकायला ठेवलंच नव्हतं, मला वाटलं होतं ते रद्दीत गेलं.

साहेबांनी पानं चाळली, हवं ते कलम काढलं, पुस्तक नाकाशी नेलं.

"वास येतोय ओ अजून."

"पुरातलं आहे."

"आमचं हापिस पण गेलं होतं त्यात," ते म्हणाले. "किती द्यायचे?"

मी म्हटलं, छापील किमतीच्या निम्मे. त्यांनी पूर्ण दिले, वर पिशवी मागितली.