आवाज बेल्टचा नव्हताच

रविवार, रात्री दहा

दुपारभर पिकअपच्या बोनेटमधे डोकं घालून होतो, आत्ता कुठे जेवून बसलोय, पण झोपायच्या आधी हे लिहून ठेवतो नाहीतर दोन दिवसांत विसरायला होईल कुठला बोल्ट कुठे होता ते.

जानेवारीत एका गॅरेजमधे इंजिनाच्या पुढचा बेल्ट बदलून घेतला होता. जून लागला, पाऊस आला आणि परत चीं चीं चालू. पहाटे अडीचला कोपरखैरण्यातनं मार्केटला निघायचं म्हणजे अख्खी बिल्डिंग उठणार, खाली तान्हं बाळ आहे एकांकडे, फार वाईट वाटायचं मला. गॅरेजवाल्यांना विचारलं बेल्ट नवा असून आवाज का, तर म्हणाले पावसात होतोच, स्प्रे मारा. मारला. चार दिवस शांत आणि पाचव्या दिवशी होतं तसंच. तो चिकट स्प्रे आता मी कुणालाच सांगणार नाही, त्याच्यावर धूळ बसते, बेल्ट चकचकीत होतो आणि खरं दुखणं झाकलं जातं.

शुक्रवारी मात्र घाबरलो. एपीएमसी मार्केटातनं डोंबिवलीचा माल भरून महापेवरनं शीळ फाट्याकडे चाललो होतो, एका ठिकाणी साचलेल्या पाण्यातनं गाडी गेली आणि स्टिअरिंग एकदम जड, बॅटरीचा लाल दिवा एकदा लागला आणि गेला. दोन-तीन सेकंदच असेल. पण मागे कांद्याच्या गोणी आणि पुढे उतार.

ह्या गाडीला सगळ्याला मिळून एकच पट्टा आहे ना, म्हणजे हाच बेल्ट. डायनॅमो, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप, सगळं त्याच्यावरच, सापासारखा वळसे घेत फिरतो तो. आणि आमच्या गाडीत ब्रेकचा व्हॅक्युम पंपही डायनॅमोच्या मागेच बसवलेला, म्हणजे पट्टा तुटला तर एक-दोनदा ब्रेक दाबेपर्यंत ठीक, नंतर पेडल दगडासारखं. एवढी वर्षं गाडी चालवतोय आणि हे मला परवा कळलं, शेजारच्या काकांकडनं. काका इथल्याच कारखान्यांच्या वसाहतीत, टीटीसी एमआयडीसीत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण हात अजून तसाच.

काल संध्याकाळी म्हणाले, "अरे, आधी पाणी टाकून बघ." इंजिन चालू ठेवलं आणि बाटलीने लांबूनच थोडं पाणी बेल्टच्या धारांवर, म्हणजे आतल्या बाजूच्या उभ्या रेघांवर शिंपडलं. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी पडतोय, बेल्ट घसरतोय. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला तर कुठली तरी पुली लाईनमधे नाही. आमचा थांबला आणि अर्ध्या मिनिटात परत आला. काका नुसते माझ्याकडे बघून मान हलवत होते.

मग आज उघडलंच. बॅटरीची मायनस काढली. पट्टा कसा जातो त्याचा स्टिकर बोनेटला असतो तो आपल्या गाडीचा कधीच गेलाय, म्हणून फोटोही काढला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनाने चित्रही काढलं. टेन्शनरला, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पुलीला, गोटी पाना लावून लांब टॉमीने (दांड्याने) स्प्रिंगच्या विरुद्ध ओढला, पट्टा सैल झाला, काकांनी वरच्या पुलीवरनं अलगद सोडवला. मला वाटलं होतं हेच मोठं काम असेल, पण दोन मिनिटांचं आहे ते.

खरं काम पुढे. पट्टा नसताना एकेक पुली हाताने फिरवून बघायची. डायनॅमो गुळगुळीत. वॉटर पंप ठीक, हलवला तर खेळ नाही, गळती नाही. मधली साधी आयडलर पुली, जी काही चालवत नाही, नुसती पट्ट्याला वाट देते, ती फिरवली तर घरघर, जात्यात खडा आल्यासारखी, आणि धरून हलवली तर चक्क डुगडुगते. बेरिंग गेलेलं. ती तिरकी फिरत होती आणि पट्ट्याला रोज थोडं थोडं बाजूला ढकलत होती, पट्ट्याची एका बाजूची कड पार सुतं निघालेली. पाच महिन्यांचा पट्टा! जानेवारीत बेल्ट काढला तेव्हा ही पुली फक्त बोटाने फिरवली असती तरी कळलं असतं, ह्याचं मला अजून वाईट वाटतंय.

मी आधी पट्ट्याला चिरा शोधत बसलो होतो. काका म्हणाले आताचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात, जुन्या निओप्रिनसारख्या लवकर चिरा पडत नाहीत, ते खोबणीतनं आतल्या आत झिजतात, म्हणून चीर नाही म्हणजे पट्टा चांगला असं धरायचं नाही.

तुर्भ्याला एक दुकान रविवारीही उघडं मिळालं, आयडलर आणि नवा पट्टा दोन्ही आणलं. पट्ट्यावर ६पीके आणि पुढे चार आकडे असतात, ६ म्हणजे सहा धारा आणि पुढचे आकडे म्हणजे लांबी मिलिमीटरमधे, ते जुन्याशी जुळवूनच घेतले. आयडलर एका बोल्टवर आहे. पट्टा चढवताना धारांची बाजू खाचांच्या पुलीवर, सपाट पाठ सपाट पुलीवर आणि सपाटवाली एक पुली शेवटी ठेवायची म्हणजे पट्टा घसरवत चढवता येतो. सगळं झालं असं वाटलं तेवढ्यात हिने टॉर्च खालनं मारला आणि म्हणाली, "अहो, ह्या खालच्या चाकावर एक धार बाहेर दिसतेय." खरंच क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिन जिने पट्टा फिरवतं त्या खालच्या पुलीवर, एक खाच सुटलेली. तशीच चालू केली असती तर नवा पट्टाही फाटला असता. परत टॉमी, परत सैल, परत बसवला, मग प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघितलं.

बॅटरी जोडून सेल्फ मारला. चीं चीं काही नाही. नुसता डिझेलचा आवाज. बाटलीने पाणी मारलं, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं, एसी लावला, तरी काही नाही. काका आत निघून गेले आणि काकूंनी आमच्यासाठी चहा पाठवला.

किलोमीटर आणि तारीख पुठ्ठ्याच्या मागे लिहून तो पुठ्ठा सीटखाली ठेवलाय, चित्रासकट. अडीचचा अलार्म लावलाय, उद्या परत डोंबिवलीच आहे.