शिक्का मारून घेतलाय

दुपारी पीयूसीचा कागद शोधायला सीट उघडली, तर हाताला गाडीचं पुस्तक लागलं. पीयूसी राहिली बाजूला, मी पायरीवर बसून तेच चाळत बसलो. एका पानावर म्हणतात, चेनचा ताण तपासत जा, ल्यूब मारा, हवा बघा. चार पानं उलटली की दरडावतात, अधिकृत केंद्राबाहेर गाडी उघडलीत तर वॉरंटी विसरा. म्हणजे भाजी निवडा, पण फोडणीला हात लावू नका.

आमच्या घरात नटबोल्ट सोडवायची खाज वंशपरंपरेनं आलेली. रविवारी सकाळी बाबा चेतक स्कूटरचं झाकण काढायचे. अंगणात जुना पेपर, त्यावर प्लगपाना, पॉलिश पेपर आणि हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा. काळाठिक्कर प्लग टोक चमकेपर्यंत घासायचा, फुंकर मारायची आणि ब्लेड फटीत सरकवून बघायचं. अडत अडत गेलं की गॅप बरोबर. मग प्लग इंजिनाला टेकवून धरायचा आणि बाबांनी किक मारली की निळी ठिणगी पडली का ते सांगायचं, हे काम माझ्याकडे. ठिणगी दिसायच्या आधी शॉक बसायचा.

आता माझ्या बाइकला फ्युएल इंजेक्शन, पेट्रोल किती सोडायचं तेही संगणकच ठरवतो. इंजिनाकडे नुसतं बघायचं. सर्व्हिसिंग मी वेळच्या वेळी केंद्रातच करतो, पुस्तकात तारीख आणि किलोमीटर लिहून समोर उभं राहून शिक्का मारून घेतो. पण गाडी घरी आणली की आधी डबल स्टँडवर लावून चेन बघतो. खालून बोटानं उचलली तर अडीच-तीन सेंटीमीटर हलायला हवी. हे लोक करकचून आवळून पाठवतात. एक्सलचा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आणायच्या, चाक हातानं फिरवून पुन्हा बघायचं. बायको म्हणते, पैसे देऊन केलेलं काम परत कशाला? तिला काय सांगणार!

ऑइल कमी दिसलं तर डब्यावर 'जासो एमए', म्हणजे बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, वाचल्याशिवाय थेंब ओतत नाही. बाइकचं इंजिन, गिअर, क्लच सगळं एकाच ऑइलात बुडालेलं. त्यात मोटारीचं, इंधन वाचवणारं ऑइल गेलं की क्लच घसरू शकतो. डब्याचं बिलही जपून ठेवतो. उद्या कुणी बोट दाखवलंच तर कागद हवा.

तसा कायदा अगदीच आंधळा नाही. अमेरिकेत १९७५ पासूनच, आमच्याकडेच पैसे भरून दुरुस्ती करा नाहीतर वॉरंटी गेली, अशी अट घालायला मनाई आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं बजावलं. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. शिवाय ते चारचाकींचं. केंद्राच्या काउंटरवरच्या पोराला हे ऐकवायचा धीर मला नाही, तो मान वर न करता विचारतो, "काका, शिक्का आहे का?"

असतो. म्हणून तर मारून घेतो.

वॉरंटी संपली की टॅपेटपासून, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट लावण्यापासून, सगळं घरी करायचं असा बेत आहे. पण २०२० पासून चेतकसुद्धा विजेवर चालते. तिला प्लगच नाही. घासा आता काय घासायचं ते.