क्रोमोसोम वेगळे होताना बीजात नक्की काय होतं

वय वाढलं की बीजांची क्वालिटी उतरते हे बाईला सगळेच ऐकवतात, पण आत काय बिघडतं ते कुणी सांगत नाही, आणि मग खापर तिच्यावरच, लग्न उशिरा केलं, नोकरीचं टेन्शन घेतलं वगैरे. म्हणून हे लिहितेय.

मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या बीजांचं विभाजन, म्हणजे क्रोमोसोम निम्मे करायचं काम, सुरू होतं. क्रोमोसोमच्या (जनुकं वाहणाऱ्या गुणसूत्रांच्या) २३ जोड्या जुळतात, आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात आणि तिथेच सगळं थांबतं, ते थेट बीज बाहेर पडायच्या जरा आधी पुढे सरकतं. म्हणजे अडतिसाव्या वर्षी बाहेर पडणारं बीज तेवढी सगळी वर्षं अर्धवट अवस्थेत बसून असतं! इतका काळ त्या जोड्या धरून ठेवतं कोहेसिन नावाचं प्रोटीन, कडीच्या आकाराचं. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की या कड्या जन्माआधीच बसतात, नंतर नव्या जवळपास बसतच नाहीत, आणि वयाबरोबर कमी होत जातात. मग जोडी वेळेआधीच सुटते, आणि सुटे क्रोमोसोम भलत्या बाजूला जाऊ शकतात. डाऊन सिंड्रोममधला जास्तीचा २१ नंबरचा क्रोमोसोम बहुतेक वेळा बीजातूनच येतो तो असा.

पण सगळंच वयावर ढकलू नका. क्रोमोसोम दोन बाजूंना ओढायचं काम स्पिंडल करतो, म्हणजे बारीक तंतूंचा सांगाडा. शरीरातल्या इतर पेशींत त्याची दोन टोकं बांधायला सेंट्रोसोम नावाचे छोटे भाग असतात, बीजात ते नसतातच, क्रोमोसोमच्या आजूबाजूला तंतू हळूहळू जमत जातात. २०१५ मध्ये संशोधक मेलिना शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या जिवंत बीजांचं मायक्रोस्कोपखाली शूटिंग केलं, तर स्पिंडल उभा राहायलाच साधारण १६ तास लागत होते, उंदरात हेच काही तासांत होतं. वर तो स्थिरही राहत नाही, मधेच दोनाची तीन टोकं होतात, एकच क्रोमोसोम दोन्हीकडून ओढला जातो, आणि हे तरुण बायकांच्या बीजातही होतं.

२०२२ मध्ये याच गटाने कारणही दाखवलं, केआयएफसी१ नावाचं मोटर प्रोटीन (तंतूंवरून सरकत काम करणारं) माणसाच्या बीजात फारच कमी असतं. लॅबमध्ये ते बाहेरून घातलं तर स्पिंडल बराच स्थिर झाला आणि क्रोमोसोमच्या वाटणीतल्या चुकाही कमी झाल्या.