लोविट्जा सिस्टर

ऑस्ट्रेलियातल्या लोविट्जा ओ'डोनह्यू यांनी नर्सिंग शिकायला तिथल्या रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटलात अर्ज केला, तेव्हा आदिवासी म्हणून त्यांना नाकारलं गेलं. बाई गप्प बसल्या नाहीत. थेट राज्याच्या प्रीमियरपर्यंत, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांपर्यंत, दाद मागितली आणि १९५४ साली तिथल्या पहिल्या आदिवासी शिकाऊ नर्स झाल्या. पुढे चार्ज सिस्टरसुद्धा, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख नर्स! त्या पदाचा मान काय असतो, ते वॉर्डात आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा.

त्या यांकुनित्जत्जारा या आदिवासी समाजाच्या. दोन वर्षांच्या असताना त्यांना आईपासून तोडून मिशनच्या बालगृहात ठेवलं, नावही बदलून लोइस केलं. १९६२ साली त्या आपल्या आसामातही नर्सिंग करत होत्या. चीनचं युद्ध पेटलं म्हणून त्यांना कलकत्त्याला हलवलं, तिथून त्या मायदेशी गेल्या. मग दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी गावी नोकरीत असताना एका दुकानात नातेवाइकांनी त्यांना तोंडावळ्यावरून ओळखलं: ही तर लिलीची लेक! १९६७ साली मायलेकी भेटल्या, तीस वर्षांहून जास्त काळाने. हे वाचताना मला पुढची ओळ दिसेना.

२०१० साली त्यांच्या नावाने लोविट्जा इन्स्टिट्यूट उभी राहिली. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन होतं तिथे, आणि सूत्रं आदिवासींच्याच हाती. मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

कारण परळला आमच्या वॉर्डात जव्हार-मोखाड्याकडचे पेशंट येतात. मध्यंतरी एक आजी सलाईन लावूच देईनात. हात पदराखाली घट्ट धरलेला. आम्ही समजावून थकलो. इव्हिनिंग ड्युटीला आमची वारली स्टाफ नर्स आली, स्टूल ओढून बसली, आधी गावपाडा विचारला, मग भात लावून झाला का ते. थोड्या वेळाने आजींनी आपणहून हात पुढे केला. अशा मुली नर्सिंगला जास्त यायला हव्यात, आणि पुढे इन्चार्जही व्हायला हव्यात.

लोविट्जाबाई ४ फेब्रुवारी २०२४ ला गेल्या. यंदा १२ मेला, नर्सेस डेला, नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीशेजारी त्यांचाही फोटो लावू या, असं मी मेट्रन मॅडमना लेखी दिलंय. तुमच्या हॉस्पिटलातही विचारून बघा. माहितीचा कागद मराठीत मी लिहून देते.