कोट बँडचा, डोकं त्याचं

टॉवेलवाल्याने परवा भर दुपारी ते पुस्तक आणून दिलं. टर्किश टॉवेलात गुंडाळून, दवाखान्यातून बाळ घरी आणावं तसं दोन्ही हातांवर. एप्रिल, दुपारचे अडीच, सात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि हा स्कूटरवर पायापाशी ते ठेवून आला होता. म्हणला, "महिना झाला बे, आता तू ठेव, माझा टीपॉय कुरकुरायलाय."

पुस्तक म्हणजे बीटल्स या इंग्लंडच्या जुन्या चौघांच्या बँडचं 'अँथॉलॉजी'. २००० साली निघालेलं, त्या चौघांनी आपली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगितलेली, साडेतीनशेच्या वर पानं आणि पानोपानी फोटो. इंजिनियरच्या पोराने बाहेरून येताना आणलं, बॅगेत बसेना म्हणून स्वतःच्या दोन जीन्स तिथंच टाकल्या. आता आमच्यात ते भिशीसारखं फिरतंय, महिन्याला एक घर. आम्ही पण चौघंच आहोत, पण त्यावरून कुणी काही बोलायचं नाही असं ठरलंय, कारण आमच्यातला रिंगो, म्हणजे त्यांचा ड्रमर, कोण यावर एकदा भांडण झालेलं.

सोलापुरात बीटल्स कुठून आले असं पुण्याची माणसं विचारतात. कॅसेटमधून आले, अजून कुठून येणार. कॉलेजात असताना नव्या पेठेत एक जण रेकॉर्ड करून द्यायचा, आणि त्याला टेप रिकामी सोडलेली बघवायची नाही, म्हणून साइड बीला उरलेल्या जागेत तो कन्नड भक्तिगीतं भरायचा. त्यांच्या 'अ डे इन द लाइफ' गाण्याच्या शेवटी तो पियानोचा एकच ठोका चाळीसेक सेकंद विरत जातो ना, जगभरचे लोक त्यानंतर गप्प बसतात म्हणे. मी अजून टाळ सुरू व्हायची वाट बघतो.

तर पुस्तक. चौघांची चार मतं. टॉवेलवाल्याने एक ओळ वाचलेली नाही हे त्याने स्वतःच कबूल केलं, अक्षर बारीक आहे आणि चष्मा दुकानात राहतो, पण फोटो तो धंद्याच्या डोळ्याने बघतो. सुरुवातीला जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवायचे तेव्हाची ती चामड्याची जाकिटं आणि नंतरचे ते बिनकॉलरचे सूट, यात किती मीटर कापड वाचलं असेल यावर त्याने माझी खरंच पंधरा मिनिटं घेतली.

बँकवाला मात्र खूश. चौघांतला जॉन लेनन १९८० च्या डिसेंबरमध्येच गेला, त्यामुळं त्याचं बोलणं सगळं जुन्या मुलाखतींमधून उचलून लावलंय, आणि शेजारी बारीक आकड्यात ते कुठल्या सालचं ते दिलंय. बँकवाल्याला हे म्हणजे प्रत्येक वाक्याला व्हाउचर जोडल्यासारखं वाटलं. मी म्हणलं, अरे पण हे बरोबर आहे का, बाकीच्या तिघांना विचार करायला, राग निवायला वीसतीस वर्षं मिळाली, पोरंबाळं मोठी झाली, आणि याचं मात्र कधीतरी तावातावाने बोललेलं तसंच छापलं. चाळिशीतला माणूस पन्नाशी उलटलेल्यांबरोबर गप्पांना बसवलाय, आणि त्याला आपलं म्हणणं बदलायची सोय नाही. बँकवाला म्हणला, म्हणून तर तोच खरा वाटतो. यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

इंजिनियरचं म्हणणं, ही फॅमिलीने काढलेली स्मरणिका आहे. चौघं स्वतः, शिवाय बोलायला घेतले कोण, तर निर्माता जॉर्ज मार्टिन, प्रेसचं बघणारा डेरेक टेलर आणि सुरुवातीला व्हॅन चालवणारा नील अॅस्पिनॉल. सगळी घरची माणसं. ज्या ड्रमरला बँडमधून काढलं त्याला विचारलंच नाही. पुस्तक त्याने आणलं आणि सगळ्यात जास्त शिव्या तोच घालतो.

माझी खोड वेगळीच आहे. मी फोटो बघताना कडा बघतो. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नवरानवरी सोडून कडेला अर्धा कापला गेलेला माणूस कोण, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे आणि तो खांदा फ्रेममध्ये का नाही, हे बघत बसतो. बायको म्हणते तुला लग्नाला नेण्यात अर्थ नाही. पुस्तक हातात आल्यावर मी रिंगोच्या आधीचा ड्रमर शोधायला लागलो, पीट बेस्ट. ऑगस्ट १९६२ ला त्याला मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने ऑफिसात बोलावून सांगितलं की पोरांना तू नको आहेस. दोन वर्षं वाजवत होता तो, हॅम्बुर्गला वाजवलं, लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात वाजवलं, आणि पहिलं रेकॉर्ड बाजारात यायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. तिघांपैकी एकानेही तोंडावर येऊन सांगितलं नाही. आणि त्या दिवशी त्याला गाडीतून तिथं घेऊन गेला तो नीलच, त्याचा जिगरी दोस्त. नील चिडला, मी पण सोडतो म्हणाला, पण पीटनेच त्याला म्हणे सांगितलं की तू कशाला सोडतोस. मग हा व्हॅन चालवत राहिला. पुढं त्यांच्या कंपनीचा साहेब झाला. मला या अख्ख्या गोष्टीत तो व्हॅनवालाच जास्त छळतो, रोज संध्याकाळी मागं सामान लादायचं त्यात ड्रम पण आले ना.

१९९५ ला पुस्तकाच्याच नावाचा बीटल्सचा पहिला अल्बम निघाला तेव्हा कव्हरवर एक जुना फोटो होता, आणि त्यात पीटचं डोकं असायला हवं तिथला कागद फाडलेला, खालून रिंगोचं डोकं दिसतंय. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसूच आलं. म्हणलं, हा फोटो तर आमच्या मामाकडे आहे की.

मामा बाळीवेशीत राहायचा, अजून राहतो. बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा, दिवसा मिलमध्ये बदलीवर आणि लग्नसराईत बँड. गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीच्या गर्दीत आम्ही पोरं त्याचा लाल कोट शोधायचो, दिसला की "मामाऽ" म्हणून ओरडायचो आणि तो अजिबात बघायचा नाही, कोट घातल्यावर तो कुणाचा मामा नसायचा. त्याच्या घरात दारावर बँडचा ग्रुप फोटो. अकरा माणसं, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मधे मास्तर क्लारनेट उभं धरून. आणि डावीकडून दुसऱ्या माणसाला डोकं नाही. ब्लेडने कापलेलं, व्यवस्थित, कॉलरच्या वर गोल. खाली कोट आहे, बटणं आहेत, ड्रमवर ठेवलेल्या काड्या आहेत, वर मागचा पुठ्ठा. त्या फोटोत मामा नाहीच, कारण मामा त्याच्या जागी नंतर आला.

मी सातआठ वर्षांचा असेन, मला बरेच दिवस वाटायचं की काही माणसं अशीच असतात. मग एकदा विचारलं. मामा भाकरी कुस्करत होता, वर न बघता म्हणला, "ऐन सीझनला सोडून गेला त्यो. दुसऱ्याची सुपारी घेतली." म्हणलं मग कोट का नाही कापला. तर म्हणला, "कोट बँडचा हुता, त्यो कसा कापायचा? डोकं त्याचं हुतं, घिऊन गेला."

घरात हे वाक्य पुढं म्हण झालं. कुणी नोकरी सोडली, कुणी भांडून वेगळं निघालं की आई म्हणायची, गेला डोकं घेऊन.

तर परवा ते पुस्तक मी संध्याकाळी मामाकडे नेलं. का नेलं माहीत नाही, पुस्तक दाखवावंसं वाटलं. मामा आता ऐंशीच्या पुढं, कान गेलेत पण बोटं खाटेच्या कडेवर चालूच असतात. त्याला रिंगो दाखवला. लहानपणी पोट फुटल्यासारखं दुखणं झालं, कोमात गेला, पुढं क्षयाच्या दवाखान्यात पडून होता तिथं वाजवायला शिकला, हे मोठ्याने ओरडून सांगितलं. मामाला आवडलं. ऋषिकेशला गेला तेव्हा पोट नाजूक म्हणून डब्यातल्या शेंगा बरोबर घेऊन गेलेला आणि दहाएक दिवसांत परत आला, हे पण सांगितलं. "शेंगा चटणी नेली असंल," मामी आतून म्हणली. म्हणलं हो, तसंच काहीतरी.

मग पीटचं सांगितलं. मामाने बराच वेळ फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "गेला का काढला?"

"काढला."

"हूं." बोटं थांबली. "काढल्यावर बी गेलाच म्हणायचं असतंय."

मी दारावरच्या फोटोकडे बघितलं. मामा माझ्याकडे बघत होता. २००८ साली पीटने स्वतःचा अल्बम काढला आणि त्याच्या कव्हरवर त्या फोटोतला नेमका तो फाटलेला तुकडा लावला, हे मला त्याला सांगायचं होतं, खरं तर तेच सांगायला आलो होतो, मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मामी ओरडली, "पाणी आलंऽ!"

पाचव्या दिवशी पाणी आलेलं. त्यानंतर कोण पीट आणि कोण रिंगो. मी मोटर लावली, पाइप धरला, बॅरल, दोन घागरी, बाथरूममधली बादली, वरच्या टाकीचा कॉक, शेजारच्या अक्कांच्या कळश्या, पाऊण तास गेला. परत आलो तर मामा झोपला होता आणि पुस्तक खाटेवर उघडंच.

ओल्या हाताने मिटलं. पुढच्या महिन्यात बँकवाल्याचा नंबर परत येतोय, पानावर डाग पडलाय आणि तो विचारल्याशिवाय राहणार नाही.